पावतीवरचा आकडा आणि जुन्या टीव्हीची किंमत

प्रश्न : मी निवृत्त असून जुळे सोलापुरात राहतो. २०२० च्या दिवाळीत ४३ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही ३४,००० रुपयांना घेतला होता. पावती, खोके, रिमोट सारे जपून ठेवले आहे. आता मुलाच्या आग्रहाने ५५ इंची घ्यायचा आहे. नवी पेठेतील दुकानदार ४२,००० रुपयांच्या नव्या टीव्हीवर जुन्याचे ३,५०० रुपये एक्स्चेंजमध्ये धरतो म्हणतो. त्याने टीव्ही पाहिलासुद्धा नाही. फक्त इंच आणि साल विचारले. त्याच दुकानात नवा ४३ इंची आज २४,००० ला आहे. माझे मेहुणे करसल्लागाराकडे कामाला आहेत. ते म्हणतात, दरसाल १५ टक्के घसारा धरला तरी आजची किंमत १५,००० होते. दरम्यान, माझ्या भाच्याच्या कुटुंबाला कुंभारीच्या रे नगरमध्ये घर मिळाले असून तो दहा हजारांपर्यंतचा जुना टीव्ही शोधत आहे. त्यालाच दहा हजारांना द्यावा का? टीव्ही उत्तम चालतो. फक्त गेल्या उन्हाळ्यापासून वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा गोल ठिपका दिसतो. पण कार्यक्रम पाहताना तो जाणवत नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी आणि अगदी सहज लिहून टाकले आहे. मी वीसएक वर्षे टीव्ही दुरुस्तीच्या टेबलाशी काढली असल्यामुळे माझी नजर आधी त्या पांढऱ्या ठिपक्यावरच गेली. त्याविषयी सविस्तर लिहिणार आहेच. पण त्याआधी मेहुण्यांचा हिशेब मार्गी लावू, कारण घरात तो आकडा एकदा बोलला गेला की दुकानदाराचा प्रत्येक आकडा लुबाडणुकीचा वाटू लागतो.

मेहुण्यांची आकडेमोड चुकलेली नाही. ३४,००० मधून दरवर्षी शिल्लक रकमेच्या १५ टक्के वजा करीत गेल्यास पाच वर्षांनी १५,०८६ रुपये उरतात. परंतु हा दर आयकराच्या हिशेबातील यंत्रसामग्रीचा सर्वसाधारण दर आहे. एखाद्या लॉजमालकाने खोल्यांमध्ये लावलेल्या टीव्हींचा खर्च कोणत्या वर्षी किती दाखवावा, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे. (तिथेही दिवाळीत घेतलेली वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली म्हणून पहिल्या वर्षी निम्माच दर लागला असता, हे मेहुण्यांना अवश्य सांगा, त्यांना आवडेल.) घरच्या वापराच्या टीव्हीला हा घसारा मुळात लागूच होत नाही, आणि लागू असता तरी वहीत उरलेली रक्कम मोजून द्यायला बाजारातले कोणी बांधील नसते. घसाऱ्याचा दर कायद्याने ठरतो. जुन्या वस्तूची किंमत मात्र ती विकत घेणारा माणूस ठरवतो, आणि त्या माणसाने तुमची पावती पाहिलेलीही नसते.

तो काय पाहतो? तो दुकानात आज ठेवलेला नवा टीव्ही पाहतो. तुमच्याच पत्राप्रमाणे तो २४,००० ला मिळतो आहे, वर्षभराच्या वॉरंटीसह, कोऱ्या पडद्यासह आणि हप्त्यांच्या सोयीसह. म्हणजे तुमच्या टीव्हीने पाच वर्षे एक मिनिटही न चालता खोक्यात काढली असती, तरी त्याला २४,००० च्या वर कोणी विचारले नसते. ३४,००० पैकी पहिले दहा हजार तुमच्या वापरामुळे गेलेले नाहीत. ते बाजारामुळे गेले आहेत. याची कारणे पाहण्यासारखी आहेत, कारण ती समजली म्हणजे आपण फसलो ही भावना बरीच निवळते.

पहिले कारण कराचे आहे. २०२० मध्ये ३२ इंचांवरील टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आले होते, मोठे मात्र २८ मध्येच राहिले. तुमच्या ३४,००० मध्ये सुमारे ७,४०० रुपये निव्वळ कर होता आणि टीव्हीची मूळ किंमत साधारण २६,५६० रुपये होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरील करही १८ टक्के झाला. इतर काहीही न बदलता केवळ या एका फरकाने तुमचाच टीव्ही आज नवा घेतला असता तर ३१,३५० च्या आसपास पडला असता. म्हणजे त्या एका दिवसात तुमच्या भिंतीवरच्या टीव्हीची अडीच हजारांहून अधिक किंमत कमी झाली.

दुसरे कारण वेळेचे आहे, आणि इथे तुमचे नशीब थोडे आडवे आले. टाळेबंदीत जगभर माणसे घरी बसली, टीव्ही आणि संगणकांची मागणी वाढली, आणि २०२० च्या मध्यापासून पॅनेलचे, म्हणजे टीव्हीच्या चित्र दाखवणाऱ्या पडद्याचे, भाव चढू लागले ते पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत चढतच राहिले. त्यातच जुलै २०२० च्या अखेरीस आपल्या सरकारने तयार रंगीत टीव्हींच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले आणि १ ऑक्टोबर २०२० पासून पॅनेलच्या उघड्या काचेवर, म्हणजे ज्याला व्यापारात ओपन सेल म्हणतात त्यावर, पाच टक्के आयात शुल्क पुन्हा लागू झाले. तुमची दिवाळी नेमकी त्या चढावर आली. पुढे २०२१ च्या उत्तरार्धात हेच भाव घसरले. चढत्या बाजारात घेतलेली वस्तू उतरत्या बाजारात विकायला काढली की खड्डा दिसतोच.

तिसरे कारण या दोन्हींपेक्षा जुने आणि कायमचे आहे. सपाट टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग, बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक, एकट्या पॅनेलचा असतो आणि पॅनेल मोठ्या काचेतून कापून निघतात. सुमारे २.२ बाय २.५ मीटरच्या एका काचेतून ५५ इंची सहा पॅनेल मिळतात. त्यानंतर चीनमध्ये सुरू झालेल्या कारखान्यांत काच जवळपास तीन बाय साडेतीन मीटरपर्यंत गेली आणि तिच्यातून ६५ इंची आठ पॅनेल निघू लागली. एकाच खटाटोपात अधिक माल निघतो, म्हणून प्रत्येक मोठा आकार काही वर्षांत त्याच्या आधीच्या लहान आकाराच्या भावावर येऊन बसतो. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. आज प्लाझ्मा कोणी बनवीतही नाही. सोने ठेवून दिले तर निदान तोलाला तोला राहते, टीव्ही मात्र ठेवून दिल्यानेही स्वस्त होतो. त्यामुळे टीव्हीच्या बाबतीत ‘अजून सहा महिने थांबून विकू, तेव्हा बरा भाव येईल’ या विचाराला काही आधार नाही.

आता वापरामुळे झालेली घट. नव्या टीव्हीचे खोके उघडले की त्याच दिवशी पहिली घट होते, वॉरंटी संपली की दुसरी. तुमचा टीव्ही या दोन्ही पायऱ्या केव्हाच उतरून आला आहे. तिसरी पायरी मात्र अलीकडे आली, आणि पूर्वीच्या डबा टीव्हीला ती नव्हती. डबा टीव्ही केबलची वायर लावली की चालत असे. स्मार्ट टीव्हीच्या अंगात संगणक आहे आणि तो पॅनेलच्या आधी म्हातारा होतो. अ‍ॅप उघडायला वेळ लागतो, नवे अ‍ॅप ‘या उपकरणावर चालणार नाही’ म्हणते, कंपनी अद्ययावत करणे थांबवते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९ मध्ये २०१०–११ च्या काही टीव्हींवर सेवा बंद केली, तेव्हा त्या टीव्हींचे पडदे चांगले दिसत होते. यावर मार्ग आहे. इंटरनेटवरचे अ‍ॅप चालवणारी काही हजारांची एक स्टिक मागे लावली की जुना टीव्ही पुन्हा स्मार्ट होतो. पण खरेदीदार ते काही हजार तुमच्याच किमतीतून मनातल्या मनात वजा करून ठेवतो.

एवढे सारे धरून माझा अंदाज असा, की तुमच्या टीव्हीला काहीही दोष नसता तर ओळखीच्या माणसाकडून सहा ते सात हजार मिळाले असते. म्हणजे आजच्या नव्या किमतीचा पाव भाग किंवा किंचित अधिक. पाच वर्षांच्या निर्दोष टीव्हीला मी स्वतः याहून जास्त देत नसे. ३२ इंचींना यापेक्षा थोडा बरा भाव येतो, कारण त्यांना भाड्याच्या खोल्या, चहाची दुकाने आणि सीसीटीव्हीचा पडदा शोधणारे दुकानदार असे अनेक गिऱ्हाईक असतात. ५५ च्या पुढच्या जुन्या टीव्हींचे मात्र हाल होतात. ज्याच्या घरी एवढी भिंत आहे त्याला नवाच हवा असतो.

मग दुकानदाराने ३,५०० च का सांगितले? त्याने टीव्ही पाहिला नाही, याचा तुम्हाला राग आला आहे. मी तुमच्या जागी असतो तर याच गोष्टीने मला बरे वाटले असते.

जुन्या टीव्हीच्या बाजारातला मूळ पेच असा आहे, की टीव्हीच्या पोटात काय चालले आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. मोटारीला निदान किलोमीटरचा काटा असतो. टीव्ही रोज दोन तास चालला की सकाळच्या अभंगापासून रात्रीच्या मालिकांपर्यंत बारा तास, हे बाहेरून कळत नाही. रोज आठ तास धरले तरी पाच वर्षांत साडेचौदा हजार तास होतात. म्हणून घेणारा प्रत्येक टीव्ही थोडा बिघडलेला आहे असे धरूनच भाव सांगतो, आणि त्या भावाला चांगला टीव्ही द्यायला कोणी तयार होत नाही. बाजारात येतात ते बहुधा बिघडू लागलेलेच. जुन्या मोटारींच्या बाजाराचा असाच विचार अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडला होता आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. जुना बाजार फिरणाऱ्या कोणाही सोलापूरकराला हे नोबेलविना ठाऊक असते, हा भाग वेगळा.

एक्स्चेंजचा भाव हा असा न पाहता, सरासरी धरून दिलेला भाव असतो. ज्याचा टीव्ही खरोखर उत्तम आहे त्याचे त्यात नुकसान होते. ज्याच्या टीव्हीत दोष शिरला आहे, पण जो अजून सुरू होतो आणि ज्याची काच फुटलेली नाही, त्याला तोच भाव झुकते माप देतो. तुमचा टीव्ही यातल्या दुसऱ्या गटात आहे, आणि आता त्या ठिपक्याकडे वळतो.

एलईडी टीव्ही म्हणजे प्रत्यक्षात एलसीडीच. चित्राच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो, तिच्या मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. प्रत्येक दिव्यावर वाटाण्याएवढे प्लॅस्टिकचे भिंग चिकटवलेले असते, ज्यामुळे एका बिंदूचा उजेड चहूकडे पसरतो. टीव्ही तापून तापून त्या भिंगाचा डिंक सुटतो, टीव्ही उभा असल्याने भिंग खाली पडते, आणि उघड्या दिव्याचा थेट उजेड पडद्यावर पांढऱ्या गोल ठिपक्याच्या रूपात दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, टीव्ही भिंतीला चिकटवलेला असतो, मागे हवा खेळत नाही. तुमचा ठिपका उन्हाळ्यातच दिसू लागला यात नवल नाही. अशोक चौकाच्या बाजूला जिथे घरातच माग चालतो, तिथल्या टीव्हींच्या पाठीमागच्या जाळीत तर सुताची पिंज इतकी बसते, की मी ब्रशने ती काढून आधी वजन करावे असे म्हणत असे.

एक भिंग पडले म्हणजे बाकीचीही त्याच डिंकाची आणि त्याच वयाची आहेत. सहा महिन्यांत दुसरा ठिपका दिसेल किंवा दोन वर्षांनी, हे सांगता येत नाही, पण दिसेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की ज्या उष्णतेने डिंक सुटला तिनेच दिवेही थकलेले असतात. हे दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक गेला की ओळ विझते आणि बहुतेक टीव्हींमध्ये सर्किट स्वतःच बॅकलाइट, म्हणजे काचेमागचा सारा उजेड, बंद करते. मग आवाज येतो, चित्र येत नाही, आणि अंधारात पडद्यावर बॅटरी मारली तर पुसट चित्र दिसते. ही अवस्था आली की दुकानदाराचे ३,५०० सुद्धा मिळणार नाहीत.

याची दुरुस्ती होते, आणि नवे पॅनेल घालण्याच्या तुलनेत ती पुष्कळच स्वस्तात होते. पण ४३ इंची पॅनेलची काच उचलून बाजूला ठेवणे हे नाजूक काम आहे. तिच्या कडेला पातळ पट्ट्यांनी जोडणी केलेली असते. त्यांतली एक दुखावली की पडद्यावर उभी रेघ येते, आणि ती रेघ पुसायचा खर्च टीव्हीच्या मोलापेक्षा जास्त होतो. काच काढताना दोन माणसे लागतात. एकटाच येऊन ‘साहेब, अर्ध्या तासात करून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराला चहा पाजून परत पाठवावे. आणि एकच भिंग चिकटवून घेऊ नका. सेट उघडलाच आहे तर दिव्यांच्या सगळ्या पट्ट्या नव्या घालाव्यात, नाहीतर वर्षभरात पुन्हा तोच धोका पत्करून काच उचलावी लागेल.

आता भाच्याचा प्रश्न. त्याला हा टीव्ही दहा हजारांना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रे नगरची घरे असंघटित कामगारांसाठी बांधली गेली. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांची ती वस्ती आहे. तिथे दहा हजार ही काही महिन्यांची बचत असते. त्या पैशांत थोडी भर घालून किंवा हप्त्यांवर त्याला वॉरंटी असलेला नवा ३२ इंची घेता येईल, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो पुरतो. तुमचा टीव्ही घेतल्यावर वर्षभरात बॅकलाइट गेला, तर तुम्ही त्याला फसवले नाही हे तुम्हाला ठाऊक असेल, त्यालाही ठाऊक असेल, तरी सणावारी जेवताना तो विषय ताटात येईल.

विकायचाच झाला तर एकच हिशेब करून पाहा. दुकानात पुन्हा जा आणि एक्स्चेंजचे नावही न काढता ५५ इंचीचा रोखीचा शेवटचा भाव विचारा. शक्य असल्यास तुम्ही न जाता मुलाला पाठवा. समजा त्याला ४०,५०० सांगितले. मग ४२,००० वर ३,५०० वजा करून तुम्ही जे ३८,५०० देणार होता, त्यात जुन्या टीव्हीचे खरे मोल २,००० च निघाले. उरलेले दीड हजार ही एरवीही मिळणारी सवलत होती, ती फक्त एक्स्चेंजचे नाव घालून तुम्हाला दाखवली. बहुतेक दुकानांत असे काही अंतर सापडतेच. त्यात दुकानदाराने काही पाप केले असे मी म्हणत नाही, व्यापार असाच चालतो. पण तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे तो या खऱ्या दोन हजारांवर. आणि एक्स्चेंज केलेच तर टीव्ही न्यायला आलेल्या मुलाला ठिपका स्वतःहून दाखवा. तो बहुधा ‘चालू होतो ना? काच ठीक आहे ना?’ एवढे विचारून टीव्ही गाडीत घालील.

इंटरनेटवर जाहिरात देऊन विकण्याच्या फंदात तुम्ही पडू नये असे मला वाटते. ठिपक्याचा फोटो टाकला तर अडीच-तीन हजारांच्या वर कोणी जाणार नाही, न टाकला तर दारात आलेल्या माणसाशी वाद होईल. शिवाय आगाऊ पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडणारे भामटे याच बाजारात फिरत असतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तसे कोणी सांगितले तर तो फोन तिथेच ठेवावा, आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

म्हणून मी असे सुचवतो. जुन्या टीव्हीपासून तुम्हाला खरोखर मिळणारी रक्कम दोन-तीन हजारांची आहे. ती सोडून द्या आणि टीव्ही भाच्याला तसाच, एक पैसाही न घेता द्या. मात्र दिव्यांच्या पट्ट्या बदलण्याचा खर्च त्याने करावा आणि टीव्ही त्याच्या हाती देण्यापूर्वीच ते काम करून घ्यावे. दहा हजारांच्या जागी त्याला दोन-तीन हजारांत ४३ इंची फोर-के पडदा मिळेल, ज्याचा सर्वांत कमजोर भाग नुकताच नवा झालेला असेल. दुरुस्तीत काच गेलीच तर नुकसान दोघांत वाटले जाईल: तुमचा टीव्ही, त्याची मजुरी. काम सुरू होण्याआधी हे दोघांनी एकमेकांना मोकळेपणाने सांगितलेले असावे. नात्यात विक्रीपेक्षा असा व्यवहार बरा पडतो. मेहुण्यांच्या १५,००० चे काय, असे घरात कोणी विचारले, तर त्यांनाच त्या किमतीला घेण्याची विनंती करावी.

भाच्याला हे मान्य नसेल आणि तो दुसरीकडे जुना टीव्ही पाहणार असेल, तर त्याच्यासाठी थोडे लिहितो. टीव्ही आधीपासून लावून तापवून ठेवलेला असेल तर तो बंद करायला सांगून अर्धा-पाऊण तास थांबावे आणि गार टीव्ही स्वतः सुरू करावा. अशक्त पॉवर सप्लाय गार असतानाच अडखळतो. मग निदान पाऊण तास चालू ठेवावा, कारण बाँडिंगचा, म्हणजे काचेच्या कडेच्या जोडणीचा, दोष उलट तापल्यावर रेघ दाखवतो. पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे असे पाच फोटो न्यावेत आणि खोलीत अंधार करून एकेक लावून पाहावेत. पांढऱ्यावर गोल ठिपके दिसले तर ते तुमचेच दुखणे. सारा पांढरा रंग निळसर-जांभळा दिसला तर दिवे पिकले आहेत. सगळ्या एचडीएमआय तोंडांना सेट-टॉप बॉक्स लावून बघावा. वळवाच्या पावसात केबलच्या तारेतून आलेली वीज बहुधा तिथेच घाव घालते. पाठीमागच्या चिठ्ठीवर मॉडेल, निर्मितीचा महिना-साल आणि भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) नोंदणी क्रमांक असतो. चिठ्ठी खरवडलेली असेल किंवा तिच्यावरचे मॉडेल आणि टीव्हीच्या मेन्यूतले मॉडेल वेगळे असेल, तर भाव कितीही गोड असला तरी उठून यावे. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, नाव, तारीख आणि मॉडेल लिहिलेली पावती घ्यावी.

आणि कोणाचाही टीव्ही पूर्ण मेला, तर तो गच्चीवर ठेवू नये. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत टीव्हीचा समावेश आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे किंवा त्यांच्यासाठी गोळा करणाऱ्यांकडे तो द्यावा. जुन्या, एलईडीच्या आधीच्या एलसीडी टीव्हीत पारा असलेल्या बारीक नळ्या असतात. त्या भंगारवाल्यासमोर फोडून दाखवू नयेत.

तुमचा टीव्ही घराबाहेर जाण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर तुमचे गूगल खाते आणि पाहिलेल्या व्हिडीओंची यादीही कुंभारीला जाईल. दुरुस्तीनंतर बॅकलाइट शंभरावर न ठेवता साठ-सत्तरवर ठेवायला भाच्याला सांगा. दिवे कमी तापतात आणि जास्त टिकतात. रे नगर उघड्या माळावर आहे, तेव्हा वीज कडाडू लागली की टीव्हीचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत. भिंतीवर लावायचा असेल तर मागे चार बोटे जागा सोडावी.

खोके जपून ठेवले आहे असे तुम्ही लिहिले, ते आता कामी येईल. अक्कलकोट रस्त्याने रिक्षातून नेताना टीव्ही आडवा टाकू नये, उभाच धरावा. खोक्यातला थर्माकोल राहिला नसेल तर पडद्यावर आधी जाड पुठ्ठा ठेवून त्यावरून चादर गुंडाळावी. चादर सोलापुरीच असणार, आणि ती जाड असते. पण नुसती चादर गुंडाळून दोरीने आवळली तर काचेवर दाब येतो, म्हणून पुठ्ठा विसरू नये. स्क्रू आणि भिंतीची पट्टी वेगळ्या पिशवीत घालून रिमोटबरोबर भाच्याच्या हातात द्या.